देवलांच्या उसन्या गोष्टी

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर बाबा शेख फरीद यांच्या नावाचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे दर्शनाला जातात. या टेकडीवर सुपारीसारखे, जायफळासारखे गोल दगड सापडतात. त्या दगडांची एक गोष्ट आहे. एक व्यापारी आपला माल घेऊन टेकडीजवळून चालला होता. त्याने तेथे बसलेल्या फकिराची थट्टा केली. पाहता पाहता त्याचा सगळा माल दगड होऊन गेला. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत खनिजे साठून असे गोटे तयार होतात, असे भूगर्भशास्त्र सांगते. पण गोष्ट अजून सांगितली जाते.

आता दूर पंजाबात जाऊ. पाकपट्टण येथे बाबा फरीद गंजेशकर यांची कबर आहे. तिकडेही एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतात. त्याच्या पोत्यांत साखर होती. पोत्यांत काय आहे, असे बाबांनी विचारले, तेव्हा तो खोटेच मीठ म्हणाला. पुढे जाऊन पोती उघडली, तर खरोखरच मीठ निघाले. त्याने माफी मागितली आणि मिठाची पुन्हा साखर झाली. दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच आहे. एक व्यापारी, एक फकीर, एक उद्धट उत्तर आणि बदलून गेलेला माल. गंजेशकर म्हणजे साखरेचा खजिना, तेव्हा पंजाबातल्या गोष्टीत साखर हवीच. गिरडच्या टेकडीवर गोल दगड आहेत, म्हणून इथल्या गोष्टीतला मालही गोल झाला.

लोककथेला कोणी जाब विचारत नाही. नाटककाराचे तसे नसते. तो नाटकावर आपले नाव घालतो, नाटक छापतो, त्याच्या प्रयोगाला तिकीट लागते. म्हणून लोक त्याला विचारतात, की ही गोष्ट तुमची की दुसऱ्याची? मराठीत हा प्रश्न गोविंद बल्लाळ देवल यांना खुशाल विचारता येईल. त्यांनी सात नाटके लिहिली. त्यांपैकी सहा नाटकांच्या गोष्टी त्यांनी दुसरीकडून घेतल्या. तरीसुद्धा मराठीतील पहिल्या प्रतीच्या नाटककारांत त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम आहे. तेथील हरिपूर हे त्यांचे गाव. मराठी नाटकाच्या दृष्टीने हा प्रदेश मोठा भाग्याचा. देवलांच्या जन्माच्या बारा वर्षे आधी, १८४३ मध्ये, विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले होते. मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मानतात. त्या पहिल्या नाटकाची गोष्टही रामायणातलीच होती.

शिक्षणासाठी देवल बेळगावला गेले. तेथे त्यांना बळवंत पांडुरंग किर्लोस्कर हे शिक्षक भेटले. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. अण्णासाहेबांना नाटकाचे वेड होते आणि ते वेड त्यांनी शिष्यालाही लावले. १८७९ मध्ये देवल मॅट्रिक झाले. पुढे काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. पण त्यांचे खरे घर म्हणजे नाटक मंडळी. ते नाटके लिहीत, पदे रचत आणि नटांना शिकवत. नाटकाच्या तालमी घेणाऱ्याला त्या काळी तालीममास्तर म्हणत. असा तालीममास्तर दुसरा नाही, अशी देवलांची ख्याती होती.

त्यांच्या गुरूची एक हकीकत येथे सांगायला हवी, कारण तिच्यात उर्दूचा वाटा आहे. १८८० मध्ये अण्णासाहेबांनी पुण्यात एका पारशी नाटक मंडळीचे ‘इंदरसभा’ पाहिले. हे उर्दू संगीत नाटक लखनौचे शायर अमानत यांनी १८५३ च्या सुमारास लिहिले. त्यातल्या परीच्या आणि शहजाद्याच्या गोष्टीवर मीर हसन यांच्या ‘सिहरुल बयान’ या मसनवीची छाया आहे, म्हणजे तीही पुरती नवी नव्हती. नट गात आहेत, बोलत आहेत आणि गोष्ट पुढे चालली आहे, हे पाहून अण्णासाहेबांना वाटले, की मराठीत असे का होऊ नये? त्यांनी कालिदासाचे संस्कृत ‘शाकुंतल’ घेतले, ते मराठीत आणले आणि त्यात गाणी घातली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. गोष्ट संस्कृतची, तऱ्हा उर्दू-पारशी रंगभूमीची आणि भाषा मराठी. देवल शिकले ते अशा गुरूजवळ. चांगली वस्तू दिसली तर ती घ्यावी आणि आपल्या घरात शोभेल अशी करून ठेवावी, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा.

पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, अण्णासाहेब वारले. त्यानंतरच्या वर्षी देवलांचे पहिले नाटक आले. त्याचे नाव ‘दुर्गा’. हे त्यांनी ‘इझाबेला’ या इंग्रजी नाटकावरून घेतले. नवरा मेला असे समजून एक स्त्री गरिबीने गांजते. सासरा तिला दारात उभे करत नाही. अखेर ती दुसरे लग्न करते. आणि मग पहिला नवरा जिवंत परत येतो. मूळ नाटक टॉमस सदर्न याने १६९४ मध्ये लिहिले. त्यानेही ही कल्पना ॲफ्रा बेन या लेखिकेच्या एका कथेवरून घेतली होती. पुढे गॅरिक या प्रसिद्ध नटाने सदर्नच्या नाटकाची काटछाट केली आणि त्याला ‘इझाबेला’ हे नाव दिले. म्हणजे मराठीत येण्याआधीच ही गोष्ट तीन घरे फिरली होती.

पण १८८६ च्या महाराष्ट्रात तिला वेगळेच वजन आले. इंग्लंडात विधवेने पुन्हा लग्न करणे ही जगावेगळी गोष्ट नव्हती. आपल्याकडे विधवेच्या विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ मध्ये झाला, तरी तीस वर्षांनंतरही पांढरपेशा घरांत असे लग्न करणाऱ्यांवर लोक बहिष्कार टाकत. त्या वेळच्या प्रेक्षकांत बालपणी विधवा झालेल्या मुलींचे बाप बसलेले असत, भाऊ बसलेले असत. लंडनच्या प्रेक्षकाला जी एका दुर्दैवी बाईची कहाणी वाटली, ती पुण्याच्या प्रेक्षकाला आपल्या घरातली वाटली असेल.

यानंतर देवल संस्कृतकडे वळले. १८८७ मध्ये त्यांचे ‘मृच्छकटिक’ आले. मूळ नाटक शूद्रक कवीचे. मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. चारुदत्त हा सज्जन माणूस दानधर्म करता करता गरीब झाला आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची खेळगाडी पाहून त्याचा लहान मुलगा मातीच्या गाडीला हात लावीना. तो रडू लागतो. तेव्हा वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. ही वसंतसेना श्रीमंत गणिका आहे, म्हणजे नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या घरातली आहे. तिचे चारुदत्तावर प्रेम आहे आणि तिला अब्रूचे घर हवे आहे. राजाचा मेहुणा शकार तिच्या मागे लागतो. तो तिचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. शूद्रकानेही ही गोष्ट सगळी स्वतः रचली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांत ‘चारुदत्त’ नावाचे नाटक होते. ते भासाचे मानतात. त्याच्या चार अंकांतली गोष्ट आणि ‘मृच्छकटिका’चा आरंभ यांत इतके साम्य आहे, की शूद्रकाने जुने नाटक घेऊन पुढे वाढवले, असे बहुतेक विद्वान मानतात. देवलांनी नाटक लिहिले तेव्हा ही हस्तलिखिते प्रकाशात आलेली नव्हती. आपण ज्याच्याकडून उसने घेत आहोत तोही उसनवारीच करून बसला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

कालिदासाच्या नाटकावरून केलेले ‘विक्रमोर्वशीय’ १८८९ मध्ये आले. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून केलेले ‘शापसंभ्रम’ १८९३ मध्ये आले. या दोन्हींविषयी येथे फार सांगत नाही. ‘मृच्छकटिका’ची सर त्यांना नाही. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. उर्दूत ज्याला नॉवेल म्हणतात, त्याला मराठीत कादंबरी म्हणतात. हा शब्द बाणभट्टाच्या या ग्रंथाच्या नावावरूनच आला आहे.

आता ‘झुंजारराव’. हे १८९० चे नाटक शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून केलेले आहे. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्येच ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर केले होते. पुण्यातल्या आर्योद्धारक नाटक मंडळीने त्याचे प्रयोगही केले. देवलांचा या मंडळीशी जवळचा संबंध होता. भाषांतरात नावे परकी राहतात, रीतिरिवाज परके राहतात, आणि नटाच्या तोंडी वाक्य जड होते. देवलांनी हे पाहिले होते. म्हणून त्यांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला आणि डेस्डेमोनाची कमळजा केली. संशयाने आंधळा झालेला शूर सरदार मराठी बोलू लागला. गणपतराव जोशी या थोर नटाने झुंजाररावाची भूमिका गाजवली.

येथेही मागे वळून पाहिले, तर गोष्ट शेक्सपिअरपाशी थांबत नाही. १५६५ मध्ये चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाचा कथासंग्रह छापला गेला. त्यात एका मूर सेनापतीची आणि त्याच्या निरपराध बायकोची कथा आहे. हातरुमाल हरवतो आणि त्यावरून संशय वाढतो, हेही त्यातच आहे. त्या कथेत हाताखालचा दुष्ट अधिकारी आपल्या तीन वर्षांच्या मुलीला त्या बाईकडे देतो, आणि ती मुलीला खेळवत असताना हळूच तिचा रुमाल चोरतो. शेक्सपिअरने हे बदलले. त्याच्या नाटकात त्या अधिकाऱ्याच्या बायकोला रुमाल पडलेला सापडतो, आणि नवऱ्याने मागितला म्हणून ती तो देऊन टाकते. या एका बदलाने नाटकाचा शेवटच उजळला. कारण आपण दिलेल्या रुमालामुळे एक निरपराध बाई मेली, हे कळल्यावर तीच बायको सर्वांसमोर नवऱ्याचे कपट उघड करते. चिंथिओच्या कथेतला सेनापती गुन्हा कबूल करीत नाही. शेक्सपिअरचा ऑथेल्लो आपली चूक कळताच स्वतःच्या हाताने मरतो. एवढ्या फरकावरून दोन लेखकांमधले अंतर कळते.

उर्दू रंगभूमीवरही असेच चालत होते. आगा हश्र काश्मिरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे ‘सफेद खून’ हे नाटक शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वरून केलेले आहे. पारशी नाटक मंडळ्यांसाठी लिहिणाऱ्या कितीतरी लेखकांनी इंग्रजी नाटकांना फारशी-उर्दू पोशाख घातला. प्रेक्षकांना नवी गोष्ट हवी असे, मंडळीला दर थोड्या महिन्यांनी नवे नाटक हवे असे, आणि लेखक बिचारा एकटाच असे!

मग देवलांचे स्वतःचे काय? माझ्या मते, त्यांच्या सगळ्या नाटकांतल्या स्त्रिया एका ओळीत उभ्या करून पाहाव्यात. दुर्गेला सासरी आसरा मिळत नाही. वसंतसेनेला प्रेम आहे, पण घर नाही. कमळजेचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. गोष्टी वेगवेगळ्या देशांतल्या आणि काळांतल्या आहेत. पण ज्या बाईच्या आयुष्याचा निकाल दुसरेच लावतात, अशी बाई त्यांत पुन्हा पुन्हा येते. गोष्टी निवडताना देवलांचे लक्ष तिच्याकडे जात होते, असे वाटते. आणि मग १८९९ मध्ये त्यांनी तिच्यावर स्वतःच्या गोष्टीचे नाटक लिहिले. ते नाटक म्हणजे ‘शारदा’.

१३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने इंदूर येथे ‘शारदा’चा पहिला प्रयोग केला. शारदा ही लहान वयाची मुलगी आहे. तिचा बाप कांचनभट पैशाचा लोभी आहे. तो पैसे घेऊन तिला भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला देऊ करतो. लग्न जमवणारा मध्यस्थ आहे, पैसा आहे, मांडव आहे. मुलीला विचारायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. कोदंड नावाचा तरुण या लग्नाच्या आड येतो. वधू आणि वर एकाच गोत्राचे आहेत, असे बाहेर येते आणि लग्न मोडते. हिंदूंच्या जुन्या रिवाजाप्रमाणे एका गोत्रात लग्न चालत नसे. हा उपाय पाहून हसू येते आणि वाईटही वाटते. मुलगी लहान आहे, ती रडते आहे, नवरा म्हातारा आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने लग्न थांबले नाही. ते थांबले गोत्रामुळे! देवलांनी समाजाला मारलेला हा टोला फार खोल आहे. लग्न मोडल्यावरही शारदेची सुटका होत नाही. अशा मुलीला आता कोण पत्करणार, या भीतीने ती जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो.

या नाटकाने महाराष्ट्र हलवला. नाटक मंडळ्या रेल्वेने गावोगाव फिरत, तशी ‘शारदा’ही फिरली. तिची पदे घराघरांत गेली. म्हातारपणी लहान मुलीशी लग्न करणाऱ्या माणसाला लोक भुजंगनाथ म्हणू लागले. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा झाला. त्याला सारडा कायदा म्हणतात. हे नाव या नाटकावरून पडले, अशी काहींची समजूत असते. पण ते हरबिलास सारडा या गृहस्थांच्या आडनावावरून पडले आहे. नावांचे हे साम्य योगायोगाचे आहे.

‘शारदा’ इतकी गाजल्यावर देवल पुन्हा उसन्या गोष्टीकडे वळले नसते, तरी चालले असते. पण त्यांचे सर्वांत आनंदी नाटक अजून व्हायचे होते. त्याची गोष्ट फ्रान्सची. मोलिअर या फ्रेंच नाटककाराने १६६० मध्ये स्गानारेल नावाच्या संशयी नवऱ्यावर एका अंकाचे विनोदी नाटक लिहिले. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी याने त्यावरून इंग्रजीत पाच अंकांचे नाटक केले. देवलांनी मर्फीच्या नाटकावरून १८९३ मध्ये गद्य नाटक लिहिले. त्याचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. यातला तसबीर हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतल्या तस्वीरचे ते मराठी रूप.

रेवती नावाची तरुणी रस्त्यात चक्कर येऊन पडते. फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका हे पाहते आणि तिच्या मनात संशय शिरतो. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर पडते. ती कृत्तिकेला मिळते. ती तसबीर न्याहाळत असता फाल्गुनराव पाहतो आणि त्यालाही संशयाचे भूत लागते. तीच तसबीर मग अश्विनशेठला फाल्गुनरावाच्या हातात दिसते आणि त्याला रेवतीचा संशय येतो. कोणीच गुन्हेगार नाही आणि प्रत्येक जण दुसऱ्याला गुन्हेगार ठरवतो. नावांतही गंमत आहे. फाल्गुन, अश्विन आणि नोकर भादव्या हे हिंदू पंचांगातले महिने, तर कृत्तिका आणि रेवती ही नक्षत्रे.

देवलांनी केलेला एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. मोलिअरची नायिका चांगल्या खात्यापित्या घरची मुलगी आहे. ती प्रियकराची तसबीर जवळ बाळगते, यात फ्रान्समध्ये कोणाला नवल वाटले नसते. १८९३ च्या महाराष्ट्रात घरंदाज मुलगी एकटी रस्त्यात, हातात परपुरुषाची तसबीर, हे प्रेक्षकांनी मानलेच नसते. दुसरा लेखक असता तर त्याने येथे काहीतरी लंगडी सबब जोडली असती. देवलांनी रेवतीला नायकिणीची, म्हणजे गाण्याबजावण्यावर जगणाऱ्या बाईची मुलगी केले. अडचण तर सुटलीच, शिवाय हसऱ्या नाटकात एक दुखरी जागा आली. अश्विनशेठला रेवतीशी लग्न करायचे आहे. पण अशा घरच्या मुलीवर लोक आधीच विश्वास ठेवत नाहीत, आणि तसबीर दिसताच तोही लोकांसारखाच वागतो. रेवतीचा अपमान होतो तेव्हा प्रेक्षक क्षणभर हसायचे थांबतो. ‘मृच्छकटिका’तल्या वसंतसेनेची ही धाकटी बहीणच म्हणायची. मोलिअरच्या नाटकात ती नाही. मर्फीच्याही नाही.

संगीत नाटकाच्या पदांतही उसनवारी असे, आणि ती लपवलेली नसे. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वरती ‘चाल’ असे लिहून कोणत्या गाण्याची चाल घेतली आहे ते छापत. एखादी चाल लावणीची असे, एखादी कानडी पदाची, एखादी हिंदुस्थानी चीजेची किंवा पारशी नाटकातल्या उर्दू गाण्याची. चाल ऐकलेली असली, की प्रेक्षकाच्या तोंडी पद लवकर बसे. देवलांच्या पदांतले शब्द साधे, घरात बोलावे तसे असत. त्यामुळे उसनी चालही मुळातच त्या शब्दांसाठी केलेली वाटे.

देवलांनी शिकवलेल्या नटांत नारायणराव राजहंस हे होते. सगळा महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. १९१३ मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. या मंडळीसाठी देवलांनी आपले जुने गद्य ‘फाल्गुनराव’ पुन्हा हातात घेतले, त्यात पदे घातली आणि त्याचे ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक केले. या वेळी उसने घ्यायला ते फ्रान्सला किंवा इंग्लंडला गेले नाहीत. तेवीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच नाटकाकडे गेले. त्यांची प्रकृती तेव्हा ढासळली होती. १४ जून १९१६ रोजी देवल वारले. त्याच वर्षी पुढे ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले. बालगंधर्व रेवती झाले होते आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. नाट्यगृह हसून हसून दमले. ते पाहायला त्यांचे मास्तर मात्र नव्हते.